परका कोण, उपद्रवी कोण?

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पावसाळ्यात अलिबाग-रेवदंड्याच्या वाटांवर, शेताच्या बांधावर, कौलारू घरांच्या मागे तेरडा उगवे, श्रावण-भाद्रपदात गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरून जाई आणि पाऊस सरला की दिसेनासा होई. शेजारच्या हिंदू घरांत याच तेरड्याची रोपे मुळासकट आणून गौर म्हणून पुजली जात. पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फट्‌दिशी फुटे आणि बिया उडत. हा खेळ न खेळलेले मूल कोकणात सापडणे कठीण.

या तेरड्याचा एक थोराड भाऊबंद इंग्लंडात नदीनाल्यांच्या काठी राहतो, आणि त्याचा रंग तीन दिवसांचा मुळीच नाही. तो येथे येऊन पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. इंग्रज लोक त्याला हिमालयन बालसम म्हणतात. आपण त्याला हिमालयी तेरडा म्हणू. काश्मीरपासून गढवालपर्यंतच्या डोंगरउतारांवर हा मूळचा उगवतो. सहारनपूरच्या सरकारी बागेची व्यवस्था पाहिलेले कंपनी सरकारचे एक डॉक्टर, जॉन फोर्ब्स रॉइल, यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि १८३९ साली त्याचे बी इंग्लंडात आले. फूल देखणे, वास गोड, वाढ झपाट्याची आणि किंमत बेताची. त्यामुळे ज्यांना काचघरे बांधून ऑर्किड वाढवणे परवडत नसे अशा साध्या माणसांनी तो हौसेने बागेत लावला. थोड्याच वर्षांत तो कुंपण ओलांडून रानात गेला. १८५५ पर्यंत रानातील त्याची नोंदही झाली होती.

आज दरवर्षी मे ते जुलैच्या सुमारास या देशात ठिकठिकाणी स्वयंसेवक जमतात आणि हा तेरडा उपटतात. पश्चिम लंडनमधील क्रेन नदी आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. हीथ्रो विमानतळाच्या पूर्वेच्या अंगाने ती वाहते, हाउन्स्लो, ट्विकनम करीत आयलवर्थजवळ थेम्सला मिळते. पूर्वी या नदीवर बंदुकीच्या दारूचे कारखाने होते. आता तेथे क्रेन पार्क आयलंड हे छोटे राखीव वन आहे, आणि काठाकाठाने चालण्याची सुंदर पायवाट आहे. नदीची मित्रमंडळी म्हणवणारे लोक हातमोजे आणि गमबूट घालून येतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, कॉलेजची मुले असतात, पंजाबी, सोमाली, पोलिश असे सगळ्या देशांचे लोक असतात. काम अवघड नाही. या रोपाचे मूळ उथळ असते. बुडाशी धरून हळूच ओढले की चिखलातून सहज सुटून येते. मग खोडाच्या सर्वांत खालच्या पेराखाली ते मोडायचे, कारण पेर शाबूत राहिले तर त्यातून पुन्हा मुळे फुटतात. मोडलेली रोपे पाण्यापासून दूर ढीग करून सुकू द्यायची. संध्याकाळपर्यंत माणूस घामाघूम होतो, पण पायवाटेवरून पुन्हा नदी दिसू लागलेली असते.

मीही अधूनमधून या कामाला जाते. ते ऐकून आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी मला टेलिफोनवर विचारले, “अगं, आपण बाहेरून आलेली माणसं. आणि आपणच बाहेरून आलेल्याला उपटायचं? उद्या कोणी आपल्याला उपटायला आलं तर काय म्हणशील?” प्रश्न हसण्यावारी नेता येईल, पण मला तो हसण्याजोगा वाटला नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचे उत्तर स्वतःशी तरी नीट देऊन ठेवले पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम हे मान्य करू या की बाईंची भीती पोकळ नाही. या विषयावर जे शब्द वापरले जातात तेच कानाला खटकणारे आहेत. ‘देशी’, ‘परकी’, ‘घुसखोर’, ‘आक्रमण’, ‘निर्मूलन’ हे शब्द आज झाडांसाठी वापरले जातात, उद्या माणसांसाठी. आणि कित्येकदा माणसांसाठी वापरून झाल्यावरच ते झाडांकडे आलेले असतात. एक योगायोग पाहा. रानात कोणती परकी झाडे लावणे वा पसरू देणे हा गुन्हा ठरेल त्याची यादी ज्या कायद्यात आहे, तो वन्यजीव व ग्रामीण प्रदेशाचा कायदा ३० ऑक्टोबर १९८१ रोजी राणीच्या संमतीने पक्का झाला. ब्रिटिश नागरिक कोणाला म्हणावे आणि कोणाला म्हणू नये हे नव्याने ठरवणारा नागरिकत्वाचा कायदाही त्याच दिवशी, ३० ऑक्टोबर १९८१ रोजीच पक्का झाला. त्या दोन कायद्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी ज्यांनी हीथ्रोवर रांगेत उभे राहून कागदपत्रे दाखवली आहेत, त्यांच्या मनात हा योगायोग राहून जाईल. हिमालयी तेरडा त्या यादीत नंतर, २०१० साली आला. जपानी नॉटवीड आणि जायंट हॉगवीड ही दोन झाडे पहिल्यापासून आहेत.

याहून भयंकर गोष्ट जर्मनीत घडली. तेरड्याचा आणखी एक भाऊबंद, लहान पिवळ्या फुलांचा, मध्य आशियातून युरोपात गेलेला आहे. १९४२ साली, नाझी राजवटीत, झाक्सनी प्रांतातील काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी या क्षुल्लक रोपाविरुद्ध संहाराचे युद्ध पुकारावे अशी मागणी केली. त्यांच्या मते ते रोप जर्मन भूमीची शुद्धता बिघडवत होते, आणि त्याविरुद्धच्या लढ्याची तुलना त्यांनी बोल्शेविकांविरुद्धच्या लढ्याशी केली. हे कोणत्या वर्षी आणि कोणत्या देशात लिहिले गेले, हे यहुदी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. माणसांना तण म्हणायचे, जंतू म्हणायचे, आणि मग त्यांना तणासारखे व जंतूंसारखे वागवायचे, हा मार्ग कोठे जातो ते आपल्या लोकांनी पाहिले आहे.

बेने इस्राएलांना तर मुळे तपासली जाण्याचा अनुभव आपल्याच माणसांकडूनही आला. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने सूचना काढल्या की, बेने इस्राएल वधूवरांचे लग्न इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी त्यांच्या आई, आजी, पणजीची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज लागले तेव्हा त्यांची सर्व पुस्तके समुद्रात बुडाली, असे आपली परंपरा सांगते. मग पणजीचा दाखला आणायचा कोठून? शेवटी १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरुसलेमात धरणे धरले, सरकार आणि क्नेसेट आपल्या बाजूने उभे राहिले, आणि आपल्या समाजाचे वेगळे नाव त्या सूचनांतून काढून टाकण्यात आले. तेव्हा ‘तू मूळचा कोठला?’ हा प्रश्न किती बोचरा असू शकतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

इतके सगळे असूनही मी तेरडा उपटते, आणि ते योग्य आहे असे मानते. का, ते आता सांगते.

हिमालयी तेरडा काय करतो ते आधी पाहू. हे वर्षायू रोप आहे. वसंतात उगवते आणि एका उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावरून, दोन ते अडीच मीटर उंच जाते. इतकी दाट गर्दी करते की खाली ऊन पोचत नाही आणि काठावरची बारीकसारीक झाडे गुदमरतात. एका रोपाला आठशेपर्यंत बिया धरतात. बोंड फुटले की त्या सात मीटरपर्यंत उडतात, पाण्यात पडतात आणि खालच्या गावी जाऊन रुजतात. हिवाळ्यात सारे रोप मरून जाते. ज्या काठावर पूर्वी गवताची मुळे माती धरून असत, तेथे आता उघडी जमीन राहते, आणि पुराच्या पाण्याबरोबर ती माती वाहून नदीत जाते. नदीच्या तळाच्या वाळूत मासे अंडी घालतात तेथे हा गाळ बसतो. तेरड्यात मध इतका असतो की भुंगे आणि मधमाश्या शेजारच्या फुलांकडे जाईनाशा होतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जवळ तेरडा ठेवला असता दलदलीत वाढणाऱ्या एका देशी फुलझाडाकडे माश्यांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि त्याला बीही कमी धरले, असे दिसून आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००६ साली चेक देशातील नदीकाठांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरडा असलेल्या आणि नसलेल्या जागी वनस्पतींच्या जातींच्या संख्येत फारसा फरक त्यात आढळला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधील दुसऱ्या एका अभ्यासात, तेरडा काढल्यावर जाती वाढलेल्या दिसल्या. पण वाढलेल्यांपैकी काही स्वतःच परदेशी होत्या. मधमाश्या पाळणारे लोक सांगतात की ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरे फार काही फुललेले नसते, तेव्हा हाच तेरडा पोळी भरून देतो. त्यांच्या माश्या पाठीवर पांढरा पराग घेऊन भुतासारख्या परततात. म्हणजे तेरड्याने सर्वनाश मांडला आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याने काही ठिकाणी, काही बाबतींत, खरे नुकसान केले आहे, एवढे म्हणणे बरोबर आहे. ज्याला उपटायचे त्याच्याविषयीदेखील खरे तेवढेच बोलावे.

आता, ज्या बाईचे आयुष्य रुग्णालयात गेले तिला ही गोष्ट एका ओळखीच्या वाटेने समजते. ई. कोलाय नावाचा जंतू आपणा सर्वांच्या आतड्यात असतो. तेथे तो बहुधा काही त्रास देत नाही, उलट थोडा उपयोगीच पडतो. तोच मूत्राशयात शिरला की ताप, जळजळ, आणि म्हाताऱ्या माणसाला तर भ्रमही होतो. जंतू तोच, जागा बदलली. शिवाय आतड्यात त्याला आवरणारे दुसरे शेकडो जंतू असतात, येथे कोणी नसते. हिमालयात तेरड्याच्या पानांवर जगणारे किडे आहेत, त्याला लागणारा तांबेरा आहे, त्याच्याशी जागेसाठी भांडणारी शेजारची झाडे आहेत. त्या सोबत्यांपैकी कोणीही १८३९ साली बियांबरोबर आले नाही. म्हणून येथे तो बेफाम वाढला. म्हणूनच कॅबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिमालयातून त्याचा तांबेरा शोधून आणला, तो दुसऱ्या झाडांना लागत नाही याची वर्षानुवर्षे तपासणी केली, आणि सरकारच्या परवानगीने २०१४ पासून तो येथे सोडला. काही ठिकाणच्या तेरड्याला तो लागला, काही ठिकाणच्या तेरड्याने त्याला दाद दिली नाही.

यात मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की कोणतीही शहाणी नर्स मूत्राशयातल्या जंतूवर रागावत नाही. त्याचा गुन्हा काही नाही. त्याला कळतच नाही तर गुन्हा कसला? तरीही औषध द्यायचे ते द्यावेच लागते, कारण समोर रोगी आहे. तेरड्याचेही तसेच आहे. तो स्वतः होऊन आला नाही. आणणारे आपण माणसे. त्याला शिक्षा नाही, त्याचा सूड नाही. नदीला इजा होते म्हणून तो काढायचा. राग आला की हात चुकतो. शेजारचे चांगले रोपही उपटले जाते.

मग परकेपणाचे काय? माझे म्हणणे असे की परकेपणा ही कसोटीच नव्हे. या देशात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या प्राणी-वनस्पतींच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. त्यांपैकी त्रासदायक ठरलेल्या दहा-पंधरा टक्के. उरलेल्या निमूटपणे राहतात. येथील वनस्पतिशास्त्रज्ञ इ. स. १५०० ही रेघ धरतात: त्याआधी माणसाबरोबर आलेली ती जुनी पाहुणी, त्यानंतरची ती नवी. दर नोव्हेंबरात युद्धात पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ लोक जी तांबडी पॉपी छातीवर लावतात, ती अशीच एक जुनी पाहुणी आहे. फार प्राचीन काळी शेतकऱ्यांच्या धान्यात मिसळून ती या बेटावर आली. फेब्रुवारीत बर्फातून डोके वर काढणारा स्नोड्रॉप इंग्रजांना अगदी आपला वाटतो, पण तोही बागांतून रानात गेलेला परदेशीच. आणि आपल्या स्वयंपाकघरात पाहा. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू ही सारी पोर्तुगिजांच्या काळात समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आली. मिरचीला परकी म्हणून आपल्या कालवणातून काढायची म्हटले तर आपल्या आज्यांनी ते चालू दिले असते का?

उलट आपल्या मायभूमीत घाणेरी आहे, रानमोडी आहे, तळी झाकून टाकणारी जलपर्णी आहे, आणि १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या बाजूला प्रथम दिसलेले, परदेशी धान्याबरोबर आलेले म्हणून सांगितले जाणारे गाजरगवत आहे. या चौघीही अमेरिका खंडांतल्या. गाजरगवताने कातडीवर उठणारी खाज आणि दम्याची उबळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते उपटण्यात कोणाचा द्वेष आहे असे वाटणार नाही. येथेही तसेच एक झाड आहे. जायंट हॉगवीड हे कॉकेशस पर्वताकडून शोभेसाठी आणलेले. त्याचा रस कातडीला लागून वर ऊन पडले की भाजल्यासारखे मोठे फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. वाचकांनी आपल्या नातवंडांना ते ओळखायला जरूर शिकवावे, आणि उपटण्याचे काम मात्र जाणकारांवर सोडावे.

आणि जे देशी ते सर्व निरुपद्रवी असेही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये याच क्रेन नदीत मैलापाणी सुटले आणि हजारो मासे मेले. नदी परत जिवंत व्हायला वर्षे लागली. त्या मैलापाण्यात परदेशी असे काही नव्हते. सगळे लंडनकरांच्या घरांतलेच होते. नदीचे एका दिवसात जेवढे नुकसान त्या मैल्याने केले तेवढे तेरड्याने कित्येक वर्षांतही केले नसते. शिवाय खत आणि मैला मिसळलेल्या मातीवर तेरडा आणखी फोफावतो. ज्या काठाची आपण नासाडी केली तेथे तो आधी येतो. तेव्हा फक्त तेरड्याकडे बोट दाखवून नळाकडे पाठ फिरवणे हा अप्रामाणिकपणा आहे. उपद्रव मोजायचा तर सर्वांचा सारख्याच मापाने मोजावा.

येथे कोणी म्हणेल, “बाई, तुम्ही जंतूचा दाखला दिलात. आपल्या जागी बरा, दुसऱ्या जागी वाईट. हेच तर ते लोक आमच्याविषयी बोलतात: तुमच्या देशात तुम्ही चांगले, येथे कशाला आलात?” हा आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेतला आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट आहे. झाडाची गोष्ट झाडाजवळच थांबते. तेरड्याला सांगता येत नाही की बाबा रे, थोडा आवरून राहा, शेजाऱ्याला ऊन येऊ दे. माणसाला सांगता येते, आणि त्याहून अधिक म्हणजे माणूस न सांगता समजतो. तो भाषा शिकतो, कायदा पाळतो, शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागतो. माणसाला प्रश्न विचारता येतो आणि तो उत्तर देतो. त्याने अपराध केला तर त्या एकट्याचा न्याय होतो, त्याच्या जातीचा नाही. तेरड्याचा मात्र जातीनेच विचार करावा लागतो, कारण एका तेरड्यात आणि दुसऱ्या तेरड्यात मनाचा फरक नाही. ज्याने माणसाचा विचार जातीने केला, त्याने माणसाला झाड केले. ‘परक्यावर प्रेम करा, कारण तुम्हीही मिसरात परके होता’ या अर्थाची आज्ञा आपल्या तोरात वारंवार येते. परक्याविषयीची ही ताकीद छत्तीस वेळा आहे, असे तालमूदमध्ये मोजून सांगितले आहे. इतक्या वेळा सांगावे लागले, याचा अर्थ माणूस ती इतक्या वेळा विसरतो.

आपला इतिहासही हेच सांगतो. आपले पूर्वज कोकणात उतरले तेव्हा कोणी त्यांची पणजी विचारली नाही. ते तेलाचा घाणा चालवत आणि शब्बाथला तो बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. म्हणजे गावाने त्यांचे काम पाहिले आणि त्यांचा नेम पाहिला. पुढे पेणचे पेणकर झाले, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. गाव आडनावात आले, आणि शेमा मुखात राहिला. एकाने दुसऱ्याला गुदमरवले नाही. आपण जेथे जातो तेथे असे राहतो की नाही, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारायला हरकत नाही. तो दुसऱ्याने आपल्याला जातीवरून विचारू नये; आपण आपल्याला वागणुकीवरून विचारावा.

आता उपटायचेच तर कसे, याविषयी आपल्या शास्त्रात एक सुंदर मर्यादा घालून दिली आहे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे की शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. जे झाड खाण्याच्या उपयोगाचे नाही असे ठाऊक असेल ते गरजेपुरते तोडावे. यावरून आपल्या रब्बींनी ‘बल तश्खित’, म्हणजे व्यर्थ नाश करू नये, हा मोठा नियम काढला. लक्षात घ्या, युद्धातसुद्धा! जेव्हा मनुष्य रागाने आंधळा असतो तेव्हाही त्याला थांबून पाहायला सांगितले आहे: हे झाड कोणते, याचा उपयोग काय, हे तोडण्याची गरज किती? तोडण्याची परवानगी आहे. पण पाहिल्यावाचून तोडण्याची नाही.

नदीकाठच्या कामाचे नियम पाहिले तर ते याच जातीचे आहेत. पहिला नियम: आधी ओळखा, मग ओढा. कोवळेपणी काही देशी झाडेही फसवतात. दुसरा: नदीच्या वरच्या अंगापासून सुरुवात करा. खाली कितीही उपटले आणि वर बी सुटत राहिले, तर दरवर्षी तेच काम. कोणत्याही दुखण्याचे मूळ कोठे आहे ते शोधून तेथून लागावे, हे घरातल्या भांडणालाही लागू आहे. तिसरा: बोंडे धरण्यापूर्वी काढा, उशीर झाला तर उपटणाराच बी उडवतो. चौथा: पुढच्या वर्षी परत या. बी जमिनीत सुमारे दोन वर्षे जिवंत राहते. एका दिवसाच्या उत्साहाने काही साधत नाही. आणि पाचवा, जो मला सर्वांत मोठा वाटतो: रिकाम्या जागी काही तरी लावा. नुसते उपटून गेलात तर मधमाशी उपाशी राहील, काठ उघडा पडेल, आणि तेथे दुसरे तण येईल, तेही कदाचित परदेशातलेच. म्हणून कोठे काठावर विलोच्या फांद्या खोचतात, कोठे उशिरा फुलणारी देशी फुले लावतात. उपटणे हे अर्धे काम आहे. जखम धुतली आणि पट्टी बांधली नाही, तर त्याला शुश्रूषा म्हणत नाहीत.

त्या वडीलधाऱ्या बाईंना मी एवढेच सांगितले: “काकी, तो हिमालयातून आला म्हणून मी त्याला उपटत नाही. तो दुसऱ्याला जगू देत नाही आणि त्याला ते सांगता येत नाही, म्हणून उपटते. आणि उपटताना त्याला शिव्या देत नाही.” त्या म्हणाल्या, “मग ठीक आहे. पण त्याची चार फुलं घरी आण हो.” फुले आणली नाहीत, कारण फुलांबरोबर बी येते आणि कायदाही आडवा येतो. काकींसाठी कोकणातल्या तेरड्याचे बी दुकानातून आणून कुंडीत पेरले आहे. तो येथे थंडीने मरतो, कुंडीबाहेर जात नाही आणि कोणाचे काही बिघडवत नाही. त्याला कोणी उपटायला येणार नाही.

आपल्या वाचकांपैकी जे नदीजवळ राहतात त्यांना माझी विनंती आहे. जूनमध्ये तुमच्या गावच्या नदीवर किंवा पायवाटेवर असे काम निघाले तर शब्बाथ सोडून एखाद्या रविवारी नातवंडांना घेऊन जा. मुले विचारतील, “आजी, हे झाड इंडियातलं आहे ना? मग आपण का काढायचं?” उत्तर देण्याची घाई करू नका. आधी त्यांना रोपाखालची उघडी जमीन दाखवा, मग शेजारच्या गवताखालची धरून ठेवलेली माती दाखवा, आणि पाण्यात मैला येतो तो नळही दाखवा. तेथे तुमच्या शेजारी जगाच्या चार कोपऱ्यांतून आलेली माणसे ओणवी होऊन एका परक्या नदीची, जी आता त्यांची झाली आहे, राखण करीत असतील. त्यांच्याकडेही मुलांना पाहू द्या. परका कोण आणि उपद्रवी कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत एवढे त्यांना त्या दिवशी समजले, तरी पुष्कळ झाले.